सातव्या महिन्याचे सात टाके

पानं डावीकडे कलली होती.

हेमावतीनं शाल खिडकीशी नेली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. डावीकडेच. एखाददुसरं पान नव्हे. मानेपासून खालच्या टोकापर्यंत, जांभळ्या पट्ट्यांतली आणि पिवळ्या पट्ट्यांतली, जाळीतली सगळीच्या सगळी पानं डावीकडे कलली होती.

तिनं पिशवीतून स्वतःची शाल काढली. हिरवी आणि पांढरी, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. अनुषा पोटात असताना देवनहळ्ळीच्या ह्याच घरात आईनं ती तिच्या खांद्यांवर घातली होती. आज अनुषाचं डोहाळजेवण, म्हणून नेसत्या साडीवर घ्यायला तिनं ती कोरमंगलाहून आणली होती. दोन्ही शाली तिनं पलंगावर शेजारीशेजारी पसरल्या. आकार तोच. मानेशी पाच टाक्यांनी सुरू होणारा, ओळीओळीला रुंदावत जाणारा त्रिकोण. मधली शीरही तीच. पण तिच्या शालीतली पानं उजवीकडे वळलेली होती. आईची पानं उजवीकडेच वळत, शिरेच्या दोन्ही अंगांना, एकाच बाजूनं वारा सुटल्यासारखी. लहानपणी तिनं विचारलं होतं, "आई, असं का?" तेव्हा आई म्हणाली होती, "माझा हात तसा जातो. हात म्हणजे चालणंच गं. प्रत्येकाचं वेगळं."

माणूस आपलं चालणं सत्त्याहत्तराव्या वर्षी बदलतो का?

नव्या शालीच्या एका टोकाला सुई लटकत होती आणि सुईवर सात टाके उघडे होते. ते बरोबर होतं. तीच तर ह्या घरची रीत. शालीचे दोन रंग: एक माहेरानं निवडायचा, एक सासरानं. जांभळा हेमावतीनं निवडला होता. पिवळा अनुषाच्या सासूबाईंनी, वासंतीताईंनी, पुण्याहून फोटो पाठवून कळवला होता. काठाचे सगळे टाके बंद करायचे, फक्त सात ठेवायचे, सातव्या महिन्याचे. ते विणणारीनं सगळ्यांसमक्ष, शाल पोटुशीच्या खांद्यावर असताना बंद करायचे आणि लोकर कापायची. मग ओटी.

काठाच्या चार ओळी वर, टाक्याटाक्यातून ओवलेला एक पांढरा शिवणाचा दोरा तिला दिसला. राखणदोरा. नवशिक्यांचा. चुकून सुई निसटली तर विणकाम तिथवरच उसवतं, दोऱ्याशी थांबतं. आई तो शिशुवर्गातल्या मुलांना घालायला लावायची. स्वतः तिनं जन्मात कधी घातला नव्हता.

राहिला असेल, म्हणून हेमावतीनं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

"बेड अक्का, नको! तो काढू नका." दारात यल्लव्वा उभी होती, हातात कोसंबरीचं पातेलं. वीस वर्षं ती ह्या घरात कामाला येत होती. "अण्णा रागावतील."

"अण्णा?"

यल्लव्वानं ओठ मिटले.

"यल्लव्वा, शालीचा आणि अण्णांचा काय संबंध?"

"मला काय ठाऊक, अक्का? गॅसवर चित्रान्न आहे," म्हणत यल्लव्वा पातेल्यासकट वळली. स्वयंपाकघर उजवीकडे होतं. ती डावीकडे गेली आणि मग लक्षात येऊन परत फिरली.

*

अण्णा, म्हणजे वासुदेवराव, मागच्या अंगणात शेवग्याखाली खुर्ची टाकून बसले होते आणि घड्याळ पाहत होते. बारा वाजून दहा.

मुहूर्त साडेनऊचा होता. गुरुजींनी साडेदहा सुचवले, तेव्हा वासुदेवरावांनीच हट्टानं साडेनऊ धरले होते. "उन्हाच्या आत झालेलं बरं," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पण पुण्याचं विमान अडीच तास उशिरा आलं. विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर, पण आकाशातल्या माणसाला हाक कशी मारायची? वासंतीताईंचा फोन आला होता, "आमच्यासाठी थांबू नका हं, करून टाका." आणि हेमा म्हणाली होती, "छे! तुमचा रंग आहे शालीत, तुमच्याशिवाय कसं?" तेव्हा त्यांनी मान डोलावली होती.

सकाळी सात वाजता बायकोनं, शकूनं, सातही टाके त्यांना करून दाखवले होते, वेगळ्या सुईवर. एकही चुकला नव्हता. दोन आठवडे दररोज तेच. चहा, मग सात टाके. तिचे डोळे सकाळी स्वच्छ असत. काल तर म्हणाली, "अहो, किती वेळा करून घेता? मी काय पहिलीत आहे?" आणि हसली होती.

आणि आता बारा वाजून गेले होते.

"अण्णा." हेमा समोर येऊन उभी राहिली. "शाल कुणी विणली?"

"कुणी म्हणजे? तुझ्या आईनं."

"पानं उलटी आहेत."

त्यांनी वर पाहिलं. मुलीचा हा आवाज त्यांना माहीत होता. गणितात उत्तर चुकलं की पुस्तकच चुकलंय म्हणायची तेव्हाचा.

"खांदा दुखतो तिचा, उजवा. हल्ली डाव्या हातानं करते."

"मला कधी बोलली नाही."

"सगळं सांगायला हवं का तुला?"

हे जरा जास्त तिखट झालं, हे बोलल्याक्षणीच त्यांना कळलं. तेवढ्यात मागच्या दारातून त्यांचा धाकटा, सुनील, आला. उन्हानं लाल झालेला, हातात फोन.

"अण्णा, गाडी टोलनाक्यापाशी आली. पंधरा मिनिटं. काय झालं अक्का, तोंड असं का?"

"काही नाही," हेमा म्हणाली.

"काही नाही म्हणजे नक्की काहीतरी," सुनील हसला. "बरं, अण्णा, आज मी व्हिडिओ करणार आहे हं. आईचे सात टाके. मागच्या गौरीला तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतंय ना?"

आठवायला विसरले कुठे होते ते? गौरीच्या जेवणावर सुनीलनं विषय काढला होता. घर बंद करा. आई माझ्याकडे सर्जापूर रोडला, तिथं लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे. अण्णा अक्काकडे. दोघांना एकत्र ठेवण्याएवढी जागा दोघांकडेही नाही, पण रविवारी भेट होईल. तेव्हा हेमा आई-वडिलांच्या बाजूनं उभी राहिली होती. केवढी भांडली होती भावाशी! आणि तेव्हा वासुदेवराव म्हणाले होते, "ज्या दिवशी हिचा हात थांबेल, त्या दिवशी मी स्वतः कुलूप लावीन. अनुषाच्या वेळी शाल झाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." आणि सुनीलनं सरी, आयितु, ठरलं तर मग, म्हणून हात पुढे केला होता.

"आठवतंय," ते म्हणाले.

"मी हरतोय असं दिसतंय," सुनील म्हणाला. "आणि मला बरंच वाटतंय, खरं सांगू का."

हेमावती वडिलांकडे बघत होती. वासुदेवरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

*

सुनीलनं फोन आडवा धरला.

पडद्यावर सगळं छान दिसत होतं. पाटावर अनुषा, हिरवी साडी, केसांत मल्लिगेचा हातभर गजरा, सात महिन्यांचं पोट आणि खांद्यांवर जांभळी-पिवळी शाल. तिच्या डावीकडे वासंतीताई, प्रवासानं चुरगळलेल्या पण हसऱ्या. उजवीकडे अक्का. मागे भिंतीला टेकून तनय, जावई, ज्याला काय करायचं ते कळत नसल्यामुळे तो सारखा सगळ्यांना पाणी विचारत होता. आणि समोर खुर्चीवर आई. निळं इरकल, कपाळावर ठसठशीत कुंकू. शालीचं एक टोक तिच्या मांडीवर होतं.

आल्यापासून आई सगळ्यांशी गोड बोलत होती. "आलात? सावकाश बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही हं." वासंतीताईंना हे तिनं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा वासंतीताई म्हणाल्या, "आजी, किती आग्रह कराल! अहो, तुमच्या हातची जाळी बघूनच माझं पोट भरलंय. एक्झिबिशनमध्ये ठेवायला हवी."

"आई, टाके घे," अक्का म्हणाली. तिचा आवाज सुनीलला विचित्र वाटला. तपासायला आलेल्या माणसासारखा.

आईनं मांडीवरचं टोक उचललं. सुईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कुणीतरी बांगड्या सावरल्या, त्याचा आवाज झाला. अण्णा दाराशी उभे होते, एक हात चौकटीवर.

मग आईचा चेहरा उजळला. काहीतरी आठवल्यासारखा. सुनीलनं फोन जरा पुढे नेला.

आईनं सुई हळूच टाक्यांतून ओढून बाहेर काढली, पदराला पुसली आणि वासंतीताईंपुढे धरली.

"तुमची सुई राहिली होती बघा," ती म्हणाली. "मुलांच्या हाताला लागेल."

वासंतीताईंनी सुई घेतली. त्यांना वाटलं, ही रीतच असेल. त्या हसून "थँक्यू" म्हणाल्यासुद्धा.

हसणाऱ्या त्या एकट्याच होत्या. शालीच्या टोकाला मोकळे सात फास उभे होते, धरायला काही नसलेले, आणि आई लोकरीचं टोक बोटाला गुंडाळून ओढत होती, साडीचा सुटलेला धागा ओढावा तशी. एक ओळ उसवली. दुसरी. पिवळ्या काठातलं एक पान सुनीलच्या डोळ्यांदेखत पान राहिलं नाही. तिसरी.

"आई!" अक्का किंचाळली.

आई दचकली. तिनं आणखी जोरात ओढलं. चौथी ओळ गेली आणि लोकर थांबली. पांढऱ्या दोऱ्याशी. दोऱ्यावर सात फास ताठ उभे राहिले.

पुढचं सुनीलनं पडद्यावरच पाहिलं, कारण फोन खाली करायचं त्याला सुचलं नाही. अण्णा, एक्याऐंशी वर्षांचे, गुडघ्यांचं दुखणं असलेले अण्णा, दाराशी होते ते एकदम आईसमोर जमिनीवर बसलेले दिसले. त्यांनी वासंतीताईंच्या हातातून सुई घेतली. डाव्या हातात. आणि दोऱ्यावरचा एकेक फास सुईच्या टोकानं उचलला, सराईतपणे, न बघता, पोळी उलटावी तसा. एक, दोन, तीन. सात. मग आईच्या बोटावरची लोकर अलगद सोडवून घेतली आणि उसवलेल्या ओळी पुन्हा विणायला लागले.

माणसाची बोटं असं खोटं बोलू शकत नाहीत. त्या खोलीतल्या प्रत्येकाला एकाच क्षणी कळलं.

"ओ माय गॉड," तनय म्हणाला.

आईनं समोर बसलेल्या माणसाच्या हातांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला. पाठ ताठ झाली. सुनीलनं हा चेहरा कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. बाहेरच्या जगलीवर, त्या ओट्यावर, पस्तीस वर्षं जिनं लोकांची मुलं शिकवली, तिचा चेहरा.

"परत डावा हात?" ती म्हणाली. "उजवा काय देवाला वाहिलास, परसू?"

"चुकलं, बाई," अण्णा म्हणाले.

"चुकलं नाही म्हणायचं. काय म्हणायचं?"

"पुन्हा करतो म्हणायचं."

"शाब्बास. कर. विहिरीत वाक."

"वाक," अण्णा म्हणाले आणि सुई टाक्यात घातली.

"पाणी भर."

"भर." लोकर सुईवरून आली.

"वर ये. दोर सोड."

टाका सुईवरून सुटला. लहानपणी नारळाच्या हिरांवर सुनीलही असाच शिकला होता. वाक, भर, वर ये, सोड. त्याच्या फोनवर लाल टिंब लुकलुकत होतं. सगळं साठवलं जात होतं.

"अज्जी," अनुषाच्या तोंडून निघून गेलं, "अहो अज्जी, हे अज्जा आहेत!"

अण्णांनी मान न वळवता मोकळा हात वर केला. थांब. अनुषा थांबली. गजऱ्यातलं एक फूल शालीवर पडलं, ते कुणी उचललं नाही.

उसवलेल्या चार ओळी पुन्हा विणायला अकरा मिनिटं लागली. सात-सात टाक्यांच्याच ओळी, पण त्यात जाळी होती. तेवढा वेळ खोलीत बाकी कुणी नव्हतंच. फक्त बाई आणि परसू. मग शेवटचे सात, बंद करायचे. सातवा झाला तेव्हा आईनं वाकून काठ बोटांनी चाचपला.

"जमलं. आता जा, मधली सुट्टी," ती म्हणाली. मग पाटावरच्या मुलीकडे वळून प्रेमानं विचारलं, "ही नवीन कोण गं? नाव काय तुझं?"

अनुषानं ओठ दातांखाली धरले. मग म्हणाली, "अनुषा, बाई."

अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. लोकर कापायची कात्री तिच्या हातातच होती.

*

"किती दिवस?"

जेवणं कशीबशी उरकली होती. पुरणाचे होळिगे कुणी मोडलेसुद्धा नव्हते. आई आतल्या खोलीत झोपली होती आणि तिच्या पायाशी यल्लव्वा बसली होती. स्वयंपाकघरात दार लोटून घेऊन हेमावतीनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

"दीड वर्ष," वासुदेवराव म्हणाले.

"म्हणजे गौरीच्या आधीपासून," सुनील म्हणाला. "म्हणजे तुम्ही माझा हात हातात घेऊन शब्द दिलात, तेव्हा..."

"हो."

"फसवलंत आम्हाला."

"हो, फसवलं."

हेमावती पुढे झाली.

"त्याला नाही सांगितलंत, ठीक. पण मला, अण्णा? मी भांडले ना तुमच्यासाठी? ह्याच्याशी दोन महिने बोलत नव्हते मी! आईचा हात चालतोय, आईचा हात चालतोय, सगळ्यांना सांगत फिरले. आणि तुम्ही मला वेड्यात काढलंत."

"तुला सांगितलं असतं तर तू दर दिवसाआड आली असतीस. तिच्याकडे आज पाहिलंस ना, तशी बघत बसली असतीस. तिला कळलं असतं."

"डॉक्टर?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत. थांबणार नाही म्हणाले, फक्त सावकाश होईल." त्यांनी ताटातला भाताचा एक दाणा बोटानं बाजूला सारला. "त्या दिवशी परतताना बसमध्ये तीच म्हणाली. तेव्हा सगळं कळत होतं तिला. म्हणाली, अहो, अनुषाला शाल द्यायचीय आणि मी तोवर असेन की नाही ठाऊक नाही. म्हटलं, असं काय बोलतेस. तर म्हणाली, मरणाचं नाही हो, मी इथंच असेन, पण शाल कशी करायची ते माझ्यापाशी नसेल. तुम्ही शिकून घ्या. लौकर."

वासुदेवरावांनी ताट बाजूला सारलं.

"मी तिच्यासमोर बसायचो. शेजारी बसायला हवं होतं, पण तिचा चेहरा दिसायला हवा ना, म्हणून समोर बसायचो. ती उजव्या हातानं करायची, मला समोरून जसं दिसायचं तसं मी करायचो. आरशात बघून केल्यासारखं. माझा डावा हात चालायला लागला. अकरा वेळा उसवली शाल. पानं उलटी पडतात हे मला माहीत होतं. वाटलं, कुणाच्या लक्षात येणार?"

"आणि परसू?" हेमावतीनं विचारलं. तिला परसू आठवत होता. तिच्याहून दोन वर्षांनी लहान, गोटीसारख्या डोळ्यांचा, पाटीवर डाव्या हातानं लिहिणारा. त्याला आई मारत नसे, नुसती चिडवायची. मोठा होऊन तो हुबळीकडे कुठंतरी गेला, त्याला तीस वर्षं झाली.

"गेल्या दिवाळीच्या सुमारास," वासुदेवराव म्हणाले. "एका दुपारी मी समोर विणत बसलो होतो. वर बघून म्हणाली, परसू, डावा हात का रे? मी म्हटलं, शकू, मी आहे. तर घाबरली. उठून दाराकडे गेली, कुणीतरी परका पुरुष घरात शिरलाय म्हणून. यल्लव्वाला हाका मारायला लागली." त्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. "दुसऱ्या दिवशी परसू म्हणाली तेव्हा मी म्हटलं, चुकलं, बाई."

हेमावतीचा हात तोंडावर गेला. वडिलांना तिनं कायम आईच्या "अहो"तच पाहिलं होतं. पंचावन्न वर्षांचा संसार, आणि दररोज दुपारी ह्या घरात नवरा नव्हता.

"सकाळी मी असतो," जणू तिचं मन वाचून ते म्हणाले. "सकाळी अहो असतो. अकरा, फार तर साडेअकरापर्यंत. म्हणून तर मुहूर्त साडेनऊचा धरला होता मी. विमान वेळेवर आलं असतं तर तिनं स्वतः केले असते ते सात. माझ्याहून सफाईनं केले असते."

दाराबाहेर काहीतरी हललं. वासंतीताई पाण्याचा रिकामा तांब्या घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबलात हो तुम्ही. मी सांगत होते, थांबू नका."

"तुमचा रंग होता त्यात, ताई," वासुदेवराव म्हणाले.

सुनील खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, "शब्द तुम्ही दिला होतात, अण्णा. हात थांबला तर कुलूप लावीन म्हणून. मी नव्हतो म्हणालो."

"मीच म्हणालो होतो. लावीन. कुलूप त्या फडताळात आहे." त्यांचा आवाज बारीक झाला. "फक्त एवढं सांग. तुझ्या चौदाव्या मजल्यावर सकाळी तिला कोण दिसेल, आणि दुपारी ती कुणाला शिकवेल? मी हेमाकडे असेन ना?"

हेमावतीनं भावाकडे पाहिलं. गौरीच्या वेळी तिनं ह्याच खिडकीशी त्याला निर्दयी म्हटलं होतं. आता त्याच्या खांद्यांचा आकार बघून तिला कळलं, तो रडत होता.

"अक्का," तो म्हणाला, "आज आईनं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मला वाटलं, गडबडीत आहे. सणाला आलो, तेव्हाही नाही. मी नेहमी दुपारीच येतो गं, मुहूर्त टळला म्हणून आजही. ट्रॅफिकमधून निघून इथं पोचेपर्यंत दुपार होते."

त्यानं खिशातून फोन काढला. मघाचा व्हिडिओ तसाच उघडा होता, बायकोला पाठवायचा राहिलेला. त्यानं तो पाठवला नाही. पुसलाही नाही.

"अण्णा, ती उठते किती वाजता?"

"साडेपाचला."

"मी आज इथंच राहतो. सकाळी भेटेन." मग लहान मुलासारखं विचारलं, "ओळखेल ना?"

"परवापर्यंत तरी तुझ्या तापाची गोष्ट सांगत होती. आठ वर्षांचा असतानाची. ओळखेल."

"आणि कुलूप?" हेमावतीनं विचारलं.

सुनीलनं तिच्याकडे पाहिलं. "राहू दे फडताळात. बघू स्वल्प दिवस. मी सोमवार-मंगळवार इथून काम करीन. तू?"

"शुक्रवार-शनिवार," ती म्हणाली. ठरवून नव्हे, तोंडून गेलं म्हणून. "पण अण्णा, दुपारी? आम्ही दुपारी काय करायचं?"

वासुदेवराव उठले. गुडघा धरून, ओट्याचा आधार घेऊन. मघाशी आईसमोर बसताना त्यांना कसलाच आधार लागला नव्हता.

"दुपारी थांबलात तर तुम्हालाही ती कुठलं तरी नाव देईल," ते म्हणाले. "ते घ्यायचं."

आतल्या खोलीत पलंग करकरला. बांगड्या वाजल्या. मग यल्लव्वाचा दबका आवाज, आणि त्यावर दुसरा, स्वच्छ, चाळीस मुलांना पुरेल असा:

"परसू! सुट्टी संपली!"

वासुदेवरावांनी हात पंच्याला पुसले.

"आलो, बाई."